पुण्याचा भाव ढाक्याला पोचेपर्यंत

आमच्या शनिवार पेठेतल्या घराखाली वह्या-पेनांचं दुकान आहे. त्याचे मालक पटवर्धन. मी नोकरीत असताना त्यांनी मला एकदा विचारलं, "अहो, आपण नेमकं करता काय? रोज पिशवी घेऊन जाता, पण बँकेत नाही, शाळेतही नाही."

मी म्हटलं, "वेगवेगळे देश व्यापारानं एकमेकांशी किती जोडले गेलेत, ते मोजते."

"अस्सं!" पटवर्धन म्हणाले. "शेजारच्या झेरॉक्सवाल्याशी मी गेली कित्येक वर्षं बोलत नाही. आधी ते मोजून बघा, मग देशांचं."

मला तेव्हा राग आला होता. पुण्यात राहून अशा बोलण्याचा राग यायला नको, पण तेव्हा मी तरुण होते आणि आपलं काम फार महत्त्वाचं आहे असं मला वाटत होतं. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर वाटतं, काम महत्त्वाचं होतंच. फक्त ज्यांच्या उपयोगी पडायला हवं होतं, त्यांच्यापर्यंत ते पोचलं नाही.

माझी संस्था लहान होती. निम्मा निधी सरकारकडून यायचा, निम्मा परदेशातून, त्यामुळे दोघांचीही मर्जी सांभाळावी लागायची. अहवालात आम्ही 'आर्थिक एकात्मीकरण' असा भारदस्त शब्द वापरायचो. आपसांत बोलताना नुसतं 'जोड' म्हणायचो. अमुक दोन देशांची जोड किती? वाढली की घटली?

जोड मोजायच्या पद्धती अनेक. सरळ पद्धत म्हणजे एका देशाच्या एकूण व्यापारातला किती हिस्सा शेजाऱ्यांशी होतो ते बघायचं. पण ही आकडेवारी फार फसवते. एकदा आमच्या भागातल्या दोन छोट्या देशांमधला व्यापार एकदम उसळलेला दिसला. सगळे खूश झाले, चहा-भजी झाली. मी मात्र आठवडाभर त्या आकड्याच्या मागे लागले. शेवटी कळलं की एका देशानं बंदरातला गाळ काढायचं भलं मोठं जहाज दुसऱ्याकडे दुरुस्तीला पाठवलं होतं. जाताना ते निर्यात म्हणून नोंदलं गेलं आणि परत येताना आयात म्हणून. एका बिघडलेल्या जहाजानं दोन देशांची मैत्री वाढवली होती! संचालक म्हणाले, "मॅडम, आपण भजी खाण्याआधी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं."

दुसरी पद्धत भावांची, आणि मला ती जास्त भरवशाची वाटायची. समजा गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या आहेत आणि त्यांना जोडणारा एक पाइप आहे. पाइप मोकळा असेल तर एका टाकीतलं पाणी खाली गेलं की दुसरीतलंही थोड्या वेळानं खाली जातं. पाइप तुंबलेला असेल तर एक टाकी रिकामी होते आणि दुसरी भरून वाहते. बाजारांचंही तसंच. दोन बाजार खरोखर जोडलेले असतील तर एका ठिकाणी भाव हलला की दुसरीकडेही तो हलतो. किती हलतो आणि किती दिवसांनी हलतो, हे मोजलं की पाइप किती मोकळा आहे ते कळतं. त्यासाठी पाइप फोडून बघावा लागत नाही.

ही पद्धत वापरून बघायला आम्ही कांदा निवडला. कांदा आपल्याकडून बांगलादेशात ट्रकनं जातो, दोन्हीकडे रोज लागतो आणि फार दिवस साठवता येत नाही. ढाक्याकडची बाजू सांभाळायला तिथल्या एका संशोधन संस्थेतल्या नसीमाबाई होत्या. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठ्या. तिकडे थोरल्या बहिणीला आपा म्हणतात, म्हणून मीही त्यांना आपा म्हणू लागले. आम्ही इंग्रजीत बोलायचो, आणि इंग्रजी थकलं की हिंदीत. त्यांचं हिंदी सगळं सिनेमातून आलेलं. एखादा आकडा पटला नाही की त्या म्हणायच्या, "ये नहीं हो सकता!" आणि तेही अशा आवाजात, की जणू नायिकेला कुणी वाईट बातमी सांगितली आहे.

एका हिवाळ्यात आपा पुण्याला आल्या. संस्थेनं हॉटेल दिलं होतं, पण दुसऱ्याच दिवशी त्या सामान घेऊन आमच्या घरी आल्या. म्हणाल्या, "तिथे कुणी बोलत नाही गं." रात्री मी पिठलं-भाकरी केली. माझ्या यजमानांनी जेवताना कांदा पाटावर ठेवून बुक्कीनं फोडला. आपा दचकल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "आमच्याकडे कांदा केसाइतका बारीक कापला नाही तर सासू घरी पाठवते," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही त्याला मारता!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना मार्केट यार्डात घेऊन गेले. तिथे शितोळे नावाचे एक अडते माझ्या ओळखीचे होते. शेतकऱ्यांचा माल लिलावात विकून द्यायचा आणि त्यावर आपली अडत घ्यायची, हा त्यांचा धंदा. हडपसरच्या पुढे त्यांचं गाव, घरची शेतीही होती. माणूस मोकळा, पण आमच्या कामावर त्यांचा अजिबात विश्वास नव्हता.

"ढाक्याचा भाव आमाला काय करायचाय, मॅडम?" ते म्हणाले. "आमचा भाव हितं ठरतो. ह्या ढिगापाशी."

आपांनी पिशवीतून दोन रेषांचा आलेख काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. एक रेष पुण्याच्या भावाची, एक ढाक्याची. रमजानच्या आधी ढाक्यात मागणी वाढते, तिथली रेष वर जाते, आणि थोड्याच दिवसांत पुण्याची रेषही तिच्यामागून वर चढते. प्रत्येक वर्षी तसंच. शितोळ्यांनी चष्मा लावला, कागद उलटा धरला, मग सुलटा केला.

"म्हंजे ह्या बाईंच्या गावात सण आला की आमच्या ढिगाला कळतं?"

"हो."

"आन् मला न्हाई कळत!" शितोळे स्वतःवरच खूश होऊन हसले. त्यांनी चहा मागवला, आपांना आग्रहानं दोन कप पाजला.

त्यानंतरच्या वर्षी शितोळ्यांनी एका निर्यातदाराबरोबर भागी करून बांगलादेशात कांदा पाठवायला सुरुवात केली. आम्ही त्यांना पाठवा म्हटलं नव्हतं. पण तो आलेख त्यांनी दुकानात काचेखाली लावला होता हे खरं. आल्यागेल्याला ते दाखवायचे, "ह्यो पाइप. मॅडमनी मोजलाय."

ते माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले दिवस. आमचे आकडे स्वच्छ होते. पुण्याचा भाव ढाक्याला पोचायला लागणारा वेळ वर्षागणिक कमी होत होता. आपांचा फोन आला की आधी भाव, मग घरचं, मग पुन्हा भाव. त्यांची मुलगी तहमीना तेव्हा शाळेत होती. तिच्या परीक्षेच्या मार्कांचाही आलेख काढायला हवा, असं आम्ही म्हणायचो.

मग एका वर्षी पावसानं पीक नासलं आणि इथे कांदा महागला. आमच्याच पेठेत बायका भाजीवाल्याशी भांडायला लागल्या. हॉटेलांनी कांद्याऐवजी कोबी द्यायला सुरुवात केली. सरकारनं निर्यातबंदी केली. इथल्या लोकांना स्वस्त कांदा मिळावा म्हणून ती केली होती, आणि त्या हेतूत खोट होती असं मी आजही म्हणणार नाही. पण हुकूम निघाला तो त्याच क्षणापासून लागू झाला. जे ट्रक वाटेत होते ते वाटेत राहिले, जे सीमेवर उभे होते ते सीमेवर.

शितोळ्यांचे ट्रक सीमेवर होते.

त्यांचा फोन आला तेव्हा मी संस्थेत होते. "मॅडम, तुमचा पाइप बंद झाला," एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. ड्रायव्हर त्यांना रोज कळवत होते. आधी गोण्या गरम लागायला लागल्या, मग त्यांतून पाणी गळायला लागलं, मग कोंब आले. शेवटी तो माल रस्त्याकडेला ओतून ट्रक मोकळे परत आले.

त्याच आठवड्यात आपांचा फोन आला. "नीला, झालं काय? काल रात्री झोपताना पाइप चालू होता, सकाळी उठून बघते तर बंद! निदान दार वाजवायचं तरी होतं." ढाक्यात भाव कुठल्या कुठे गेला होता. त्यांच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी आपल्या घरी कांदा आणणंच सोडून दिलं होतं. "ती म्हणते, सवय होते. मला सांग, कांद्याशिवाय जेवायची सवय व्हावी यासाठी आपण मोजत होतो का?"

मी म्हटलं, "आपा, रोजचे भाव मात्र टिपून ठेवा. हेही मोजायला हवं."

"ठेवते," त्या म्हणाल्या. "दुसरं काय करणार?"

आता धंद्यातली एक गोष्ट सांगते, ती बाहेरच्यांना सहसा कळत नाही. वर्षाअखेरीस आम्ही जोडीचा निर्देशांक काढला तेव्हा तो जेमतेम हलला होता. कारण तो वर्षाची सरासरी होता. बरेच महिने पाइप मोकळा, थोडे महिने बंद, म्हणून सरासरी ठीकठाक. आमच्या मसुद्यात शब्द होता 'समाधानकारक'. ट्रकमधून गळणारं पाणी त्या सरासरीत कुठेच दिसत नव्हतं. नदीची सरासरी खोली गुडघाभर आहे म्हणून माणूस बुडत नाही असं थोडंच आहे!

आपांनी आणि मी मिळून त्या अहवालासाठी एक वेगळं प्रकरण लिहिलं. दोन रेषा जिथे फाकल्या तिथले रोजचे आकडे दिले आणि शेवटी एकच शिफारस केली. देशाला आपला माल रोखायचा अधिकार आहे, पण रोखण्याआधी शेजाऱ्याला काही दिवस सूचना द्यावी आणि जो माल वाटेत आहे तो जाऊ द्यावा. बस, एवढंच. बंदी घालू नका असं आम्ही म्हणतच नव्हतो. दार वाजवा, इतकंच म्हणत होतो.

अहवाल काठमांडूच्या एका बैठकीत मांडायचा होता. आसपासच्या सगळ्या देशांचे अधिकारी येणार होते. निघायच्या आधी आमच्या संचालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते सज्जन गृहस्थ होते, हे मी सांगितलंच पाहिजे.

"मॅडम, प्रकरण उत्तम झालंय," ते म्हणाले. "फक्त शेवटचं वाक्य काढू या."

"तेच तर मुख्य आहे, सर."

"आपलं काम मोजण्याचं. काय करावं हे सांगण्याचं नाही."

"डॉक्टरनं ताप मोजायचा आणि औषधाचं नाव काढायचं नाही?"

"रोग्यानं विचारलं तर काढायचं. इथे रोग्यानं विचारलेलं नाही." मग ते म्हणाले, "आणि रोगीच आपला पगार देतो, हेही विसरू नका. इथे आपण दोघंच नाही, मागे चाळीस माणसं आहेत."

मी भांडले. लेखी दिलं. अहवालावरून माझं नाव काढा, असंही म्हटलं. त्यांनी नाव काढलं नाही, वाक्य काढलं. प्रकरणही आवरून दोन परिच्छेदांचं केलं. काठमांडूला मी व्यासपीठावरून जे वाचून दाखवलं त्यात सरासरी होती, आलेख होते, भविष्याविषयी चार आशादायक शब्द होते. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या आपा टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या खाली बघून पेनाचं टोपण काढत होत्या आणि लावत होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही हॉटेलच्या बागेत उन्हात बसलो होतो. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"आपलं वाक्य चूक होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग रडू नकोस. माझ्याही ऑफिसनं काढलंच असतं. तुमच्या सरांनी आधी काढलं, एवढाच फरक." आणि त्यांनी विषय बदलला. "तहमीनाला शेतकी शिकायचंय," त्या म्हणाल्या. "मी वैद्यकीला पाठवणार होते, पण ती ऐकत नाही."

काही काळानं पुन्हा बंदी आली. पुन्हा तशीच, न सांगता. शितोळ्यांचा माल या वेळीही वाटेतच राहिला. पहिल्या वेळी आपांनी फोन केला होता. या वेळी केला नाही. मी दोन दिवस वाट पाहिली आणि शेवटी मीच केला.

"चालायचंच," त्या म्हणाल्या. "आमचे व्यापारी आता दुसरीकडून मागवतात. इजिप्त, तुर्कस्तान, चीन. जहाजानं येतो. महाग पडतो, वाटेत थोडा सडतो. पण येतो."

त्या वर्षी एक गंमत झाली. गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द नाही. आमच्याकडे दोन निर्देशांक असायचे, एक शेजाऱ्यांशी असलेल्या जोडीचा आणि एक साऱ्या जगाशी असलेल्या जोडीचा. शेजारचा कांदा मिळेना म्हणून बांगलादेश समुद्रापलीकडून मागवत होता. तेवढ्यामुळे नव्हे, पण अशाच अनेक गोष्टींमुळे जागतिक निर्देशांकात तो देश वर सरकला. संचालक म्हणाले, "ढाक्याच्या आपल्या मित्रांना अभिनंदनाचा ईमेल पाठवून द्या." मी पाठवला. आपांचं उत्तर आलं, "आभार. ये नहीं हो सकता." तो त्यांचा शेवटचा विनोद. निदान मला पाठवलेला.

पुढे मी निवृत्त झाले, त्याही झाल्या. कांद्याच्या भावांची आमची मालिका कुणी पुढे चालवली नाही. संस्थेतली नवी मुलं हुशार आहेत, संगणकावर दीडशे देशांची जोड दुपारच्या जेवणाआधी काढतात. त्यांना मार्केट यार्ड कुठे आहे हे माहीत असण्याचं कारण नाही. आपांशी ईदला आणि दिवाळीला बोलणं व्हायचं. त्यात आधी भाव, मग घरचं, असं राहिलं नाही. नुसतं घरचंच.

गेल्या फेब्रुवारीत तहमीना पुण्याला आली. आईचं न ऐकता ती शेतकी शिकली आणि आता ढाक्यात बियाण्यांच्या एका कंपनीत आहे. तिला आपल्याकडच्या कांद्याचं बी हवं होतं. पावसाळ्यात येणारा कांदा त्यांच्याकडे पूर्वी फारसा होत नसे. तो आता तिथे लावायला लागलेत आणि त्याला आपल्याकडचं वाण चांगलं मानवतं, असं तिनं सांगितलं. "मावशी, तुमच्या ओळखीचं कुणी खात्रीचं आहे?"

खात्रीचं म्हटल्यावर मला एकच नाव सुचलं. शितोळ्यांनी दुकान मुलाकडे सोपवलं होतं आणि गावी कांद्याचं बी करत होते. आम्ही रिक्षानं हडपसरला आणि तिथून त्यांच्या मुलाच्या गाडीतून शेतावर गेलो. शेत फुलावर होतं. कांद्याच्या प्रत्येक उंच दांड्यावर पांढरा गोंडा आणि त्यावर मधमाश्या. तहमीना चपला काढून त्यात शिरली, गोंडे हातात घेऊन बघू लागली. शितोळे बांधावर खुर्ची टाकून बसले होते. खूप थकलेले दिसले.

मी कामाचं सांगितलं. त्यांनी ओळखलं, "त्या ढाक्याच्या बाईंची लेक व्हय? च्या घेनार का?" मग म्हणाले, "बी न्या की. चांगलंच हाय. पन मॅडम, तिला एक इचारा. बी नेलं, तिकडं पिकवलं, मग आमचा कांदा कोन घेनार?"

मी तहमीनाला हिंदीतून सांगितलं. तिनं हातातला गोंडा सोडला. थोडा विचार करून म्हणाली, "मावशी, त्यांना सांगा, आम्हाला कांदा तुमचाच घ्यायला आवडला असता. आम्ही दोनदा विश्वास ठेवला."

हे मराठीत सांगताना मला जड गेलं. पण शब्द बदलायचं माझ्या मनात आलं नाही. आयुष्यात एकदा बदललेले शब्द मोठ्यानं वाचले होते, तेवढे पुरे.

"खरं हाय," शितोळे म्हणाले. "मी बी दोनदाच ठिवला." आणि त्यांनी मुलाला हाक मारली, "ह्यांना भाव नीट लाव रं. लांबून आल्यात."

व्यवहार ठरला. रीतसर कागदपत्रं करून बी जाणार होतं. परतीच्या वाटेवर तहमीनानं आईला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. आपांचा आवाज बारीक झाला होता.

"ठरलं का गं?"

"ठरलं, आपा. बी उत्तम आहे. भरघोस येईल तुमच्याकडे."

मी हे मनापासून म्हणत होते. जन्मभर जो पाइप मोकळा राहावा म्हणून मी धडपडले, त्याची गरजच उरू नये याची सोय मी स्वतः करून देत होते, आणि तरी मनापासून म्हणत होते.

आपा म्हणाल्या, "बी उत्तम असणारच. तुमच्याकडचं कधीच काही वाईट नव्हतं गं, नीला. फक्त येईल याची खात्री नसायची."